पाट आणि चर : मेंदूतील शिरांची दुर्लक्षित बाजू

अहिल्यानगरच्या आडते बाजारात किंवा दाळ मंडईत सकाळी पेढी उघडते. गादीवर घरातील ज्येष्ठ येऊन बसतात. पन्नास वर्षे तोंडी हिशेब करणारे हे गृहस्थ आता साध्या बेरजेलाही वेळ लावतात. जुन्या गिऱ्हाइकांची नावे त्यांना आठवतात, कोणाची उधारी कोणत्या वर्षापासून राहिली तेही ते अचूक सांगतात. परंतु समोर गिऱ्हाईक उभे असताना फोन वाजला की त्यांचा गोंधळ उडतो. पावले आखूड पडू लागली आहेत. दुकानाची पायरी चढताना हात आपोआप भिंतीकडे जातो. लघवीची घाई आवरत नाही. पूर्वी सर्वांत मिसळणारा माणूस आता घरच्या कार्यातही एका कोपऱ्यात बसून राहतो. सून म्हणते, "बाबूजी हल्ली बोलतच नाहीत." मुलगा म्हणतो, "वय झाले आता."

असे चित्र अनेक घरांत दिसते, आणि 'वय झाले' या दोन शब्दांपाशी चौकशी थांबते. पुढे कधीतरी तोल जाऊन पडल्याचे निमित्त होते, डोक्याचा एमआरआय काढला जातो आणि अहवालात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे झालेल्या बदलांचा उल्लेख येतो. मेंदूच्या आतील भागात पांढरे डाग दिसतात. गाठ नाही, मोठा रक्तस्राव नाही, हे ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि अहवाल कपाटात ठेवून देतात. वास्तविक त्या पांढऱ्या डागांतच बाबूजींच्या अबोलपणाचे आणि अडखळत्या पावलांचे कारण दडलेले असू शकते.

सूक्ष्म वाहिन्यांचा विकार

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के असतो. मात्र हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पंधरा ते वीस टक्के भाग एकटा मेंदू घेतो. मोठ्या धमन्या मेंदूच्या पृष्ठभागावर आणि तळाशी फाटे फोडत जातात. त्यांचे शेवटचे फाटे केसाहून बारीक होऊन आत खोलवर उतरतात. मेंदूच्या बाहेरच्या थरात विचार करणाऱ्या पेशी असतात, तर आतील पांढऱ्या भागात, म्हणजे श्वेतद्रव्यात, त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तंतूंचे जाळे असते. पेढीच्या भाषेत सांगायचे तर बाहेरच्या थरात मुनीम बसतात आणि श्वेतद्रव्यात त्यांच्या टेलिफोनच्या तारा असतात. तारा झिजल्या तरी मुनिमाचे ज्ञान कायम राहते. केवळ निरोप पोहोचण्यास उशीर होतो. म्हणूनच या विकारात स्मरण पुष्कळ काळ टिकते, पण विचारांचा वेग मंदावतो, कामांचा क्रम चुकतो, चाल बिघडते आणि उत्साह हरपतो.

या आजाराची वैद्यकीय ओळख जुनी आहे. जर्मन भाषक वैद्य ओटो बिन्स्वांगर यांनी १८९४ साली श्वेतद्रव्याच्या अशा झिजेचे वर्णन केले. पुढे १९८७ मध्ये कॅनडाचे मेंदुतज्ज्ञ व्लादिमीर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणीच्या चित्रात दिसणाऱ्या या विरळपणाला 'ल्युकोअरायोसिस' असे नाव दिले. रक्तपुरवठा तुटल्याने होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे एक चतुर्थांश या सूक्ष्म वाहिन्यांमुळे होतात आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंशातही त्यांचा मोठा हातभार असतो. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून मांडण्यात आला. म्हणजे साठी ओलांडलेल्या प्रत्येक शंभरांमागे सात ते आठ व्यक्ती.

दीर्घकाळ या विकाराचा सर्व दोष धमन्यांवर ठेवला गेला. उच्च रक्तदाबाने बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि आतील भागाला रक्त कमी पडते, असे स्पष्टीकरण दिले जाई. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. परंतु ते अर्धेच असावे, अशी शंका गेल्या तीस वर्षांत बळावत गेली आहे. रक्त मेंदूत येते तसेच ते बाहेरही जावे लागते, आणि हे बाहेर नेण्याचे काम शिरा करतात. शालेय पुस्तकांत त्यांनाच 'नीला' म्हटलेले असते.

प्रवरेच्या पाटाचा धडा

केवळ आवकेकडे पाहून जावकेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा अनुभव या जिल्ह्याने शेतीत घेतलेला आहे. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि पाटाचे पाणी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या पट्ट्यात फिरले. कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि या भागाचे रूपच पालटले.

पण काळ्या, चिकण जमिनीत पाणी सतत येत राहिले आणि त्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तेथे काही वर्षांतच वेगळे चित्र दिसू लागले. जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली. उन्हाळ्यात मातीवर पांढरा क्षार फुटू लागला. रान पाणथळ आणि चोपण झाले. पाट भरून वाहत होता, पाण्याला तोटा नव्हता, आणि तरीही पीक पिवळे पडत होते, कारण मुळांभोवती साचलेल्या पाण्यामुळे त्यांना हवा मिळत नव्हती. अशा जमिनीला अधिक पाणी देणे हा उपाय ठरत नाही. शेतकरी तेथे चर खोदतो, निचऱ्याची सोय करतो, आणि मगच जमीन सुधारू लागते.

मेंदूच्या खोल भागातील शिरा या श्वेतद्रव्याच्या चरांप्रमाणे आहेत. मेंदूच्या मध्यभागी द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. श्वेतद्रव्यातील बारीक शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या या पोकळ्यांच्या कडेकडे उतरतात, तेथे एकमेकींना मिळतात, पुढे मोठ्या शिरेत जातात आणि शेवटी मानेतील शिरांवाटे रक्त हृदयाकडे परत येते. या शिरांच्या भिंती पातळ असतात, त्यांत स्नायू फार थोडा असतो आणि पायांतील शिरांना असतात तशा झडपा त्यांना नसतात. मेंदूत कोणत्याही क्षणी असलेल्या रक्तापैकी निम्म्याहून अधिक रक्त शिरांच्या बाजूला असते. एवढा मोठा भाग वैद्यकाच्या नजरेतून बराच काळ निसटला.

१९९५ चे निरीक्षण

या शिरांकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले ते अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यातील संशोधक डिक्सन मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मृत्यूनंतर अभ्यासासाठी मिळालेल्या मेंदूंचे काप त्यांनी अशा रंगद्रव्य पद्धतीने तपासले की धमन्या आणि केशवाहिन्या रंगून निघाव्यात आणि शिरा न रंगता वेगळ्या ओळखू याव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसत असल्याने पूर्वी हा भेद करणे अवघड होते. वयोवृद्धांच्या मेंदूत, पोकळ्यांच्या कडेच्या शिरांच्या भिंतीत कोलॅजन नावाच्या तंतुमय प्रथिनाचे थर साचलेले त्यांना आढळले. काही शिरा त्यामुळे अरुंद झाल्या होत्या, काही जवळजवळ बुजल्या होत्या. ज्यांच्या श्वेतद्रव्यात झीज जास्त, त्यांच्यात शिरांची ही जाडीही जास्त होती. १९९५ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

शीर अरुंद झाल्यास पुढे काय घडत असावे, याचा तर्क असा आहे. निचऱ्याची वाट आखडली की तिच्या मागील केशवाहिन्यांत दाब वाढतो. मेंदूतील केशवाहिन्यांची भिंत अत्यंत कडेकोट असते. रक्तातील वाटेल तो पदार्थ ती आत जाऊ देत नाही. दाब वाढला की ही तटबंदी सैल पडते, रक्तातील द्रव आणि प्रथिने तंतूंच्या जाळ्यात झिरपतात आणि तेथे सूज येते. मागे दाब वाढल्याने पुढून येणारे ताजे रक्तही हळू वाहते. प्रवरेच्या रानाप्रमाणे तेथे पाणथळ होते आणि तंतूंवरील आवरण झिजू लागते. एमआरआयमध्ये पांढरे दिसणारे डाग अनेकदा नेमके पोकळ्यांच्या कडेलाच प्रथम उमटतात, ही गोष्ट या तर्काला अनुकूल आहे.

जिवंत माणसात या शिरा पाहण्याची सोय पुढे एमआरआयच्या एका विशेष पद्धतीने झाली. शिरांतील रक्तात प्राणवायू कमी उरलेला असतो, आणि असे रक्त चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळे वागते. त्यामुळे या पद्धतीत शिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. विविध देशांतील अभ्यासांत असे आढळले की, ज्यांच्या चित्रात खोल शिरांच्या रेघा कमी किंवा तुटक दिसतात, त्यांच्यात पांढरे डागही सहसा अधिक असतात.

येथे सावधगिरी हवी. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. आधी शिरा बुजल्या आणि मग श्वेतद्रव्य झिजले, की श्वेतद्रव्य झिजल्याने तेथील रक्ताची गरजच घटली आणि शिरा ओसरल्या, हा प्रश्न अजून खुला आहे. शिवाय मेंदूच्या एखाद्या भागाने प्राणवायू कमी वापरला, तर शिरेतील रक्त कमी काळे दिसते आणि ठणठणीत शीरही चित्रात पुसट होते. त्यामुळे शिरांचा विकार हा या आजाराचा उगम आहे, असे ठामपणे सांगता येत नाही. तो आजाराचा एक महत्त्वाचा धागा आहे आणि इतकी वर्षे तो मोजलाच गेला नव्हता, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. या शिरा पुन्हा मोकळ्या करणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहणेच हिताचे.

जे हाती आहे ते

मग कुटुंबाने काय करावे? सर्वांत भक्कम पुरावा रक्तदाबाबाबत आहे. अमेरिकेत ९,३६१ व्यक्तींवर झालेल्या 'स्प्रिंट' या चाचणीत एका गटाचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणि दुसऱ्याचा १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मेंदूविषयक निष्कर्षांत, अधिक काटेकोर उपचाराच्या गटात श्वेतद्रव्यातील डागांची वाढ मंदावलेली दिसली आणि बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाणही कमी आढळले. स्मृतिभ्रंशातील घट मात्र निःसंशय सिद्ध झाली नाही. या चाचणीत मधुमेही व्यक्ती नव्हत्या. शिवाय उतारवयात रक्तदाब एकदम खाली आणला तर उभे राहताना चक्कर येते. म्हणून कोणासाठी कोणता आकडा योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. घराने करायचे काम एवढेच, की रक्तदाब नियमित मोजायचा, वहीत लिहायचा आणि बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही.

दुसरी बाब मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे. व्यापारी कुटुंबाच्या ताटात पापड, लोणचे, खाकरा, शेव, गाठिया आणि दुकानात येणारी कचोरी यांची बेरीज केली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. आयंबिलाच्या ओळीत बिनमिठाचे, बिनतेलाचे, रुक्ष अन्न नऊ दिवस घेण्याची सवय ज्या घरांना आहे, त्यांना इतर दिवशी पानातील वरचे मीठ आणि पापड कमी करणे अशक्य नाही.

तिसरी बाब शाकाहाराशी निगडित आहे आणि तिचा अभ्यास शेजारच्या पुण्यातच झाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन हे द्रव्य वाढलेले आढळले. शाकाहारी व्यक्तींत ही कमतरता अधिक होती. वाढलेले होमोसिस्टीन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अपाय करते. शिरांत रक्ताची गुठळी होण्याशी आणि श्वेतद्रव्यातील बदलांशीही त्याचा संबंध आढळलेला आहे. बी-१२ दिल्याने पांढरे डाग थांबतात असे सर्वांबाबत सिद्ध झालेले नाही. परंतु या जीवनसत्त्वाची कमतरता स्वतंत्रपणेही विस्मरण, पायांना मुंग्या आणि तोल जाणे अशी लक्षणे निर्माण करते, आणि ती साध्या रक्ततपासणीने कळते. दूध-दही घेणाऱ्या शाकाहारी घरांतही ही तपासणी आवश्यक आहे. आहाराचे व्रत न मोडता गोळीने ही उणीव भरून काढता येते; गोळीच्या आवरणातील घटक चालतात की नाही, हे औषध विक्रेत्याकडून विचारून घेता येते.

उपवासाच्या दिवसांतही ज्येष्ठांची काळजी वेगळी घ्यावी लागते. शरीरातील पाणी घटले की रक्त दाट होते, शिरांतील संथ प्रवाह अधिक संथ होतो आणि रक्तदाब अचानक उतरू शकतो. लघवी वाढवून रक्तदाब कमी करणारी गोळी चालू असताना चौविहार उपवास केल्यास हा धोका वाढतो. म्हणून अठ्ठाई किंवा त्याहून मोठ्या तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. कोणती गोळी, कोणत्या वेळी, किती, हे आधी ठरलेले असले की तपही निर्विघ्न पार पडते.

उरलेल्या गोष्टी सर्वपरिचित आहेत, पण त्या याच आजाराच्या मुळाशी जातात : मधुमेहावर नियंत्रण, तंबाखू आणि सुगंधी सुपारीचा त्याग, गादीवरून उठून रोज नियमाने चालणे. रात्री मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. अशा झोपेने रक्तदाब वाढतो आणि छातीतील दाबाच्या चढउतारांमुळे मेंदूतून परतणाऱ्या रक्तालाही अडथळा येतो.

घाई केव्हा करावी

सूक्ष्म वाहिन्यांचा विकार बहुधा दबक्या पावलांनी येतो. पण त्याच मार्गाने पक्षाघातही येऊ शकतो. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, ही लक्षणे अचानक दिसली तर सकाळची वाट पाहू नये. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. शिरांचा आणखी एक वेगळा आजार आहे, तो तरुणपणीही होतो : मेंदूच्या मोठ्या शिरेत गुठळी होणे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत एखाद्या सुनेला वा लेकीला वाढत जाणारी तीव्र डोकेदुखी, उलट्या, दृष्टीतील अंधुकपणा किंवा झटके आले, तर ते बाळंतिणीचे अशक्तपण समजून घरी थांबू नये. वेळेत ओळखल्यास हा आजार बहुतेकदा बरा होतो.

जिल्ह्यात उपचारांची सोय आहे. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने जैन सोशल फेडरेशन चालवीत असलेले अहिल्यानगरचे रुग्णालय आणि लोणी येथील प्रवरा वैद्यकीय संस्थेचे रुग्णालय ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु या आजाराचा खरा प्रतिबंध मोठ्या यंत्रांच्या खूप आधी सुरू होतो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या कामाने गावातील अल्पशिक्षित महिलांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. शेजारच्या घरी जाऊन विचारपूस करणारी, वेळेवर पाठवणारी बाई हीच आरोग्याची पहिली पायरी असते, हे त्या कामाने सर्वांना दाखवून दिले. ते काम घरातील सून, मुलगा किंवा नातूही करू शकतो.

त्यासाठी आधी ज्येष्ठांकडे पाहण्याची दृष्टी बदलावी लागते. बाबूजी उत्तर देण्यास वेळ लावतात, कारण त्यांच्या मेंदूत निरोप उशिरा पोहोचतो. त्यांना एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. जिन्याला कठडा, न्हाणीघरात धरायला दांडी आणि रात्री मंद दिवा एवढ्या सोयींनी पडणे टळते. धनादेशावरील सह्या, भागीदारीचे कागद, वारसाची व्यवस्था या गोष्टी त्यांचे भान पूर्ण शाबूत असताना, त्यांच्या संमतीने आणि त्यांना समोर बसवून पार पाडाव्यात. गादीवरून त्यांना एकदम उठवू नये. गिऱ्हाइकाशी बोलणे, मालाची पारख, जुन्या उधारीची आठवण ही कामे ते आजही उत्तम करतात. बेरजा आणि घाईची कामे पुढच्या पिढीने उचलावीत.

पेढीवर रोजमेळ लिहिताना आवक आणि जावक दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय शिल्लक निघत नाही. मेंदूच्या बाबतीत वैद्यकाने जावकेची बाजू आता कुठे लिहायला घेतली आहे, आणि ती पुरी होण्यास वर्षे लागतील. तोवर रोजमेळाशेजारी आणखी एक लहान वही ठेवता येते. तीत तारीख, रक्तदाब, घेतलेली गोळी आणि पुढील तपासणीचा दिवस, एवढ्या चार रकान्यांची नोंद पुरेशी आहे. ती वही नातवाने लिहावी आणि बाबूजींनी तपासावी.